शब्दकोड्यातला न्याय

पहिले शब्दकोडे आजच्या कसोट्यांवर नापास झाले असते. 21 डिसेंबर 1913 च्या रविवारी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या ‘फन’ पुरवणीत आर्थर विन या लिव्हरपूलहून अमेरिकेत आलेल्या पत्रकाराने शंकरपाळ्याच्या आकाराची एक चौकट छापली आणि तिला ‘वर्ड-क्रॉस’ असे नाव दिले. तिच्यात ‘डव्ह’ हा एकच शब्द दोन ठिकाणी होता. शिवाय गोमुती नावाच्या ताडाच्या तंतूला काय म्हणतात, असेही विचारले होते. उत्तर होते ‘डोह’. न्यूयॉर्कच्या वाचकाला हा शब्द ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. पण याला दोष म्हणायची सोय तेव्हा नव्हती, कारण नियमच नव्हते.

नियम पुढच्या शंभर वर्षांत ठरत गेले, आणि ठरता ठरता त्यांच्यावर वादही होत गेले. हा वाद मुख्यतः दोन गोष्टींचा आहे. एक, क्लू न्याय्य आहे का, म्हणजे सोडवणाऱ्याला उत्तरापर्यंत पोचायला खरोखरची वाट ठेवली आहे का. दोन, कोडे सुसंगत आहे का, म्हणजे एका कोपऱ्यात लावलेला नियम दुसऱ्या कोपऱ्यातही तसाच लागू होतो का. अवघडपणा हा यातला मुद्दा नाही. अतिशय अवघड कोडे न्याय्य असू शकते आणि सोपे कोडेही अन्यायी असू शकते. उत्तर पाहिल्यावर ‘हे मला सुचायला हवे होते’ असे वाटले तर कोडे जिंकले. ‘हे मला कसे सुचणार होते?’ असे वाटले तर कुठेतरी गडबड आहे. इथवर सगळ्यांचे एकमत असते. मतभेद सुरू होतात ते वाट कशाला म्हणायचे यावर.

चौकटीने दिलेली दुसरी संधी

1924 साली सायमन अँड शुस्टर या नव्या प्रकाशनसंस्थेने शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक काढले. प्रत्येक प्रतीसोबत एक पेन्सिल जोडलेली होती. पुस्तक तुफान खपले आणि अमेरिकेला या खेळाचे वेड लागले. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या वेडाची टिंगल केली होती. पुढे 15 फेब्रुवारी 1942 ला, अमेरिका युद्धात उतरल्यानंतर, त्याच दैनिकाने स्वतःचे रविवारचे कोडे सुरू केले आणि 1950 पासून ते रोज येऊ लागले.

त्या पुस्तकाच्या तीन संपादकांपैकी एक होत्या मार्गारेट पीदरब्रिज, म्हणजे पुढच्या मार्गारेट फरार. ‘वर्ल्ड’मध्ये असताना सुरुवातीला त्या कोडी स्वतः न सोडवताच छपाईला पाठवत असत. एका सहकाऱ्याने डिवचल्यावर त्या सोडवायला बसल्या, तेव्हा किती चुका जात होत्या ते त्यांना दिसले. मग त्यांनी जी शिस्त लावली तीच अमेरिकी कोड्याची घटना ठरली. काळे चौकोन एकूण चौकोनांच्या साधारण एक षष्ठांशाच्या आत हवेत. दोन अक्षरी शब्द नकोत. चौकट अर्धी फिरवली तरी काळ्या चौकोनांची नक्षी तीच दिसली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत असले पाहिजे.

शेवटच्या नियमात न्यायाचा मोठा भाग आहे. आडवा शब्द ठाऊक नसला तरी त्याला छेदणारे उभे शब्द सुटले की तो आपोआप भरला जातो. इथे दुसरी संधी चौकटच देते, त्यामुळे क्लू कसाही थोडक्यात दिला तरी चालतो. नक्षीच्या सममितीचा मात्र न्यायाशी तसा काही संबंध नाही; ती डोळ्याला बरी वाटते, एवढेच. 2020 च्या सुमारास ‘यूएसए टुडे’चे कोडे संपादक एरिक एगार्ड यांनी सममितीची सक्ती सैल केली, तेव्हा कोड्याच्या न्याय्यतेत काही कमी झाले असे म्हणणे कठीण होते. रूढी आणि न्याय यांत फरक करायला या उदाहरणाचा उपयोग होतो.

फरार यांच्या शिस्तीतून क्लूचेही काही संकेत रूढ झाले. क्लू बहुवचनी असेल तर उत्तर बहुवचनी. क्लू भूतकाळी तर उत्तरही भूतकाळी. उत्तर हे संक्षिप्त रूप असेल किंवा परभाषेतले असेल तर तसा इशारा क्लूमध्ये हवा. कोटी असेल तर शेवटी प्रश्नचिन्ह. उत्तरातला शब्द कोड्यातल्या कुठल्याच क्लूमध्ये येता कामा नये. यांवर आज फारसा वाद नाही.

ब्रिटनने दिलेली दुसरी संधी

ब्रिटनमध्ये कोडे गेले आणि बदलले. तिथल्या चौकटीत काळे चौकोन जास्त असतात, आणि एका शब्दातली जवळपास निम्मी अक्षरे दुसऱ्या कुठल्याच शब्दात नसतात. चौकट अर्धीच मदत करते. मग दुसरी वाट क्लूमध्येच ठेवावी लागली. क्रिप्टिक क्लू म्हणतात तो हा. त्यात एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो आणि दुसरा भाग त्याच उत्तराची अक्षरे कशी जुळतात ते सांगतो. दोन वाटा एकाच ठिकाणी भेटल्या की उत्तर बरोबर असल्याची खात्री पटते, मागचे पान उलटून पाहावे लागत नाही.

या प्रकाराचा पहिला मोठा कोडेकार म्हणजे ‘ऑब्झर्व्हर’मधले एडवर्ड पॉविस मॅथर्स. 1926 पासून त्यांनी ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचली. हे नाव स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या कुप्रसिद्ध प्रमुखाचे. बुद्धी अफाट, वाचन प्रचंड, पण सोडवणाऱ्याला कुठला नियम लागू आहे याचा पत्ता नाही. 1939 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती जागा डेरिक सॉमरसेट मॅकनट या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या गृहस्थांनी घेतली. त्यांनीही ‘झिमेनीज’ हे एका धर्मन्यायाधीशाचेच नाव घेतले, पण कारभार मात्र कायद्याने केला. 1966 च्या पुस्तकात त्यांनी आपले कायदे सविस्तर मांडले. त्यांच्यानंतर आलेले जोनाथन क्राउदर यांनी आणखी एक धर्मन्यायाधीश, डेझा, उलटा फिरवून ‘एझेड’ हे नाव घेतले आणि त्या सगळ्या कायद्याचा अर्क काढला: क्लूमध्ये उत्तराची अचूक व्याख्या असावी, अक्षरजुळणीचा प्रामाणिक इशारा असावा, आणि या दोहोंखेरीज काहीही नसावे.

हे इंग्रजी अक्षरांच्या उदाहरणांनी समजावण्यापेक्षा मराठीत करून पाहू. ‘गरम विस्कटले की नदीतली शिकारीण (3)’. उत्तर ‘मगर’. ‘नदीतली शिकारीण’ ही व्याख्या आहे, ‘गरम’ ही सामग्री आणि ‘विस्कटले’ हा तिची अक्षरे हलवायचा इशारा. आता क्लू असा केला: ‘रागाने गरम विस्कटले की नदीतली शिकारीण’. वाक्य जरा रंगतदार झाले, पण ‘रागाने’ या शब्दाला कोड्यात काहीच काम नाही. झिमेनीजपंथी हा क्लू परत पाठवतील. आणि ‘उष्ण विस्कटले की नदीतली शिकारीण’ असा केला तर तो ते चक्क फाडून टाकतील, कारण आता सोडवणाऱ्याने आधी ‘उष्ण’वरून ‘गरम’ ओळखायचे आणि मग न दिसणारी अक्षरे मनात हलवायची. उष्णला समानार्थी शब्द डझनभर. वाट आहे म्हणायला आहे, पण ती चालून पाहता येत नाही.

या शिस्तीमागचे तत्त्व ए. एफ. रिची यांनी 1949 च्या आपल्या कोडीसंग्रहात सांगून ठेवले होते. ते ‘आफ्रिट’ नावाने लिहीत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: कोडेकाराच्या वाक्याचा वरवरचा अर्थ खोटा असला तरी चालेल, पण त्याला जे सांगायचे आहे ते त्या वाक्यात व्याकरणशुद्ध रीतीने सांगितलेले असलेच पाहिजे. फसवण्याची मुभा आहे, खोटे बोलण्याची नाही. या वादात इतकी नेमकी रेघ दुसऱ्या कोणी ओढलेली मला दिसत नाही.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. तिचा चेहरा म्हणजे ‘गार्डियन’चे जॉन ग्रॅहम, पेशाने पाद्री, टोपणनाव ‘अराउकारिया’. हे एका झाडाचे नाव. इंग्रजीत त्या झाडाला माकडाला कोड्यात टाकणारे झाड म्हणतात. ग्रॅहम यांना झिमेनीजचे कायदे तोंडपाठ होते आणि गरज पडली की ते बेधडक मोडत. गेट्सहेड हे इंग्लंडमधल्या एका शहराचे नाव. मुक्तपंथी कोडेकार ते ‘गेट्स’ आणि ‘हेड’ असे तोडून ‘गेट्सचे डोके’, म्हणजे पहिले अक्षर ‘जी’, असे वाचायला लावतो. झिमेनीजपंथी विचारतात की हे कोणत्या व्याकरणात बसते? मुक्तपंथी म्हणतात, सोडवणाऱ्याला कळले ना? मग व्याकरणाचे काय घेऊन बसलात! त्यांचा युक्तिवाद असा की न्याय हा सोडवणाऱ्याच्या अनुभवावर मोजावा, कायद्याच्या पुस्तकावर नव्हे. कडक नियमांनी क्लू निर्दोष होतात, पण हळूहळू सगळे एकाच साच्यातले होतात.

गंमत म्हणजे ग्रॅहम यांच्या सर्वांत गाजलेल्या क्लूंपैकी एक अगदी कायदेशीर होता. रुपर्ट ब्रुक यांच्या ‘द ओल्ड व्हिकरेज, ग्रँटचेस्टर’ या कवितेचे नाव हे त्याचे उत्तर. ते घर पुढे कादंबरीकार जेफ्री आर्चर यांचे झाले. ग्रॅहम यांनी या नावाच्या सगळ्या अक्षरांची उलटापालट करून आर्चर यांच्यावरच शेरा मारणारे वाक्य बनवले. डिसेंबर 2012 मध्ये त्यांनी आपल्याला कर्करोग झाल्याची बातमी वाचकांना दिली तीही एका कोड्यातूनच. त्यांच्या चाहत्यांना नियमांची यादी देऊन काही पटवून देणे अवघड आहे ते म्हणूनच.

आज लंडनच्या ‘टाइम्स’चे कोडे सामान्यतः कडक बाजूचे आणि ‘गार्डियन’चे मोकळ्या बाजूचे मानले जाते. पण ही सरसकट विभागणी आहे. एकाच दैनिकातले दोन कोडेकार वेगवेगळ्या टोकांना असू शकतात, आणि जिथे कोड्याच्या वर टोपणनाव छापतात तिथे त्यावरून वाचक कोणता कायदा लागू आहे ते ओळखतो. याचा अर्थ ब्रिटनने हा वाद सोडवला नाही. त्याच्यावर पाटी लावली.

थीम: एकदा कळले की सगळीकडे लागू

अमेरिकी कोड्यात मोठे शब्द बहुधा एका थीमने बांधलेले असतात. इथे सुसंगतीचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. पुन्हा मराठीत करून पाहू. समजा चौकटीत चार मुख्य शब्द आहेत: नागरिक, गायकी, मोरया, घारगे. प्रत्येकाच्या सुरुवातीला एक प्राणी किंवा पक्षी लपलेला आहे आणि त्या शब्दाच्या अर्थाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. नागरिकात नाग नाही, घारग्यात घार नाही. चांगली थीम.

आता ‘गायकी’ऐवजी ‘गायरान’ ठेवा. गाय तीच, पण इथे ती खरोखरच चरते आहे. ती लपलेली नाही. किंवा ‘मोरया’ऐवजी ‘समोर’ ठेवा. मोर आहे, पण शेवटी. सोडवणाऱ्याला पहिल्या दोन शब्दांवरून नियम कळला होता, त्या नियमाने तो तिसरा शोधू पाहत होता, आणि कोडेकाराने वाटेत नियम बदलला. थीमच्या बाबतीत सुसंगती हा न्यायाचाच भाग कसा होतो ते इथे दिसते. थीम ही चौकट आणि क्लू यांच्या जोडीला मिळणारी तिसरी वाट असते. ती मधेच वळली तर काही उपयोग नाही.

पण सुसंगती किती कडक असावी? एका गटाचे म्हणणे असे की थीमचा संच शक्यतो पूर्ण हवा. पत्त्यांतले चार रंग घेतले तर चारही हवेत, तीन घेऊन थांबू नये. एखादे अक्षर वगळणे ही थीम असेल तर ते अक्षर त्या शब्दांत चुकूनही दुसरीकडे उरू नये. दुसरा गट म्हणतो की अशी घट्ट थीम फार वेळा आधीच कोणीतरी करून टाकलेली असते. ताजेपणा हवा असेल तर एखादा शब्द किंचित बाहेर जाऊ द्यावा, आणि थीम उलगडून सांगणारा जो शब्द कोड्यात ठेवलेला असतो त्याने त्याचे समर्थन करावे. संपादकांचा कल बदलत असतो. माझ्या मते संचाच्या पूर्णतेपेक्षा यंत्रणेची एकरूपता जास्त महत्त्वाची आहे, कारण सोडवणारा यंत्रणेवरूनच पुढचे ओळखतो. संच अपुरा आहे हे त्याला बहुधा कोडे सुटल्यावर जाणवते.

या चर्चेत 5 नोव्हेंबर 1996 चे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे कोडे हमखास निघते. त्या दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. जेरेमायाह फॅरेल यांनी रचलेल्या कोड्यात उद्याच्या वर्तमानपत्राची मुख्य बातमी कोणती असेल, असे विचारले होते. उत्तराच्या सात चौकोनांत ‘क्लिंटन’ही बसत होते आणि ‘बॉब डोल’ही, आणि त्यांना छेदणाऱ्या सातही उभ्या शब्दांचे क्लू असे रचले होते की दोन्ही उत्तरे बरोबर ठरावीत. हॅलोविनच्या काळ्या प्राण्याबद्दलचा क्लू, उत्तर ‘कॅट’ किंवा ‘बॅट’. एकाला एकच उत्तर हा नियम इथे मोडला, पण इतक्या पद्धतशीरपणे की मोडण्यातही सुसंगती होती. अनेक वाचकांना मात्र फक्त आपलेच उत्तर दिसले, आणि दैनिकाने निकाल आधीच जाहीर केला म्हणून त्यांनी संपादक विल शॉर्ट्झ यांना रागावून फोन केले.

कोणाचे सामान्यज्ञान?

चौकट दुसरी संधी देते हे खरे, पण छेदणारे दोन्ही शब्द सोडवणाऱ्याला अनोळखी असतील तर? 2008 च्या एका कोड्यात असे घडले. बोस्टन मॅरेथॉनच्या मार्गावरचे नेटिक हे मॅसॅच्युसेट्समधले छोटे गाव, आणि त्याला ‘एन’ या अक्षरावर छेदणारी चित्रकार एन. सी. वायेथ यांच्या नावातली आद्याक्षरे. गाव ठाऊक नाही, चित्रकाराचे पहिले नाव ठाऊक नाही. आता सव्वीसपैकी कोणते अक्षर भरायचे? रेक्स पार्कर या नावाने कोड्यांची समीक्षा करणारे प्राध्यापक मायकेल शार्प यांनी यावरून एक तत्त्व मांडले, आणि तेव्हापासून अशा बंद गल्लीला इंग्रजी कोडेजगतात ‘नेटिक’च म्हणतात. अनोळखी विशेषनाम एकवेळ चालेल, पण त्याला छेदणारी अक्षरे तर्काने निघाली पाहिजेत.

तत्त्व सगळ्यांना मान्य आहे. अनोळखी कोणाला, इथे गाडी अडते. 1977 ते 1993 या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे कोडे संपादक होते युजीन मालेस्का. त्यांच्या कोड्यांत लॅटिन, ऑपेरा, नद्या आणि दुर्मीळ वनस्पती यांची रेलचेल असे. त्यांच्या जागी आलेल्या शॉर्ट्झ यांनी दूरचित्रवाणी, पॉप संगीत आणि उत्पादनांची नावे आणली. जुन्या वाचकांना हे उथळ वाटले, नव्यांना पूर्वीचे धुळकट. आता हाच आक्षेप शॉर्ट्झ यांच्या काळाकडे बोट दाखवून घेतला जातो: हे ‘सामान्य’ ज्ञान मुख्यतः एका वयाच्या, एका वर्णाच्या पुरुषांचे आहे. 2019 मध्ये स्त्री कोडेकारांसाठी ‘इन्क्युबेटर’ नावाचा उपक्रम निघाला, तो या आक्षेपातूनच. ॲना शेक्टमन यांचे 2024 चे पुस्तक याच इतिहासाचा स्त्रियांच्या बाजूने घेतलेला मागोवा आहे.

शब्द शोभतो का, हा प्रश्नही इथलाच. सकाळी नाश्त्याच्या वेळी सोडवताना कोणाला किळस किंवा वेदना होऊ नये, अशी फरार यांची कसोटी होती. 1 जानेवारी 2019 च्या कोड्यात बेसबॉलमधल्या एका चेंडूसाठी आलेला शब्द मेक्सिकन वंशाच्या लोकांसाठी शिवी म्हणूनही वापरला जातो. शॉर्ट्झ यांनी माफी मागितली. शब्दकोशात निरुपद्रवी अर्थ असला की पुरे, की ऐकणाऱ्याला तो कसा लागतो हे पाहायचे? बहुतेक संपादक आता दुसऱ्या बाजूकडे झुकले आहेत, तरी रेघ कुठे ओढायची ते प्रत्येक दैनिक आपापले ठरवते.

न्यायालयात गेलेले कोडे

न्याय हा शब्द आपल्याकडे कोड्यांच्या बाबतीत अगदी अक्षरशः वापरला गेला, आणि तो मुंबई राज्याच्या खटल्यात. 1940-50 च्या दशकांत बक्षिसांची शब्दकोडी हा मोठा धंदा होता. आर. एम. डी. चमारबागवाला यांची ‘आर.एम.डी.सी.’ कोडी बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून येत आणि मुंबई राज्यातून त्यांना प्रवेशपत्रिका व पैसे जात. मुंबई सरकारने 1948 चा सोडती आणि बक्षीस स्पर्धांवरचा कायदा 1952 मध्ये सुधारून बाहेरून येणाऱ्या अशा स्पर्धांनाही लावला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

अशा स्पर्धांतले क्लू कसे असत ते मराठीत सांगायचे तर ‘शहाण्याने _न राखावे’. मन, धन, वन, तिन्ही बसतात. पण बक्षीस कोणाला? आयोजकांनी आधीच पाकिटात बंद करून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे उत्तर जुळेल त्याला. त्याआधी इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी अशाच एका कोडेस्पर्धेला लपवलेल्या लक्ष्यावर डोळे झाकून मारलेला नेम म्हटले होते. एप्रिल 1957 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही तोच विचार स्वीकारला: ही कौशल्याची स्पर्धा नव्हे, जुगार आहे; आणि जुगाराला व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण नाही. त्याच सुमारास केंद्राच्या 1955 च्या बक्षीस स्पर्धा कायद्यावरही निकाल आला. त्या कायद्याने महिन्याला 1,000 रुपयांहून जास्त बक्षिसांच्या स्पर्धांना मनाई केली होती, आणि इतर स्पर्धांतही 2,000 हून जास्त प्रवेशिका चालणार नव्हत्या. न्यायालयाने हा कायदा फक्त जुगारी स्पर्धांपुरता आहे, ज्यात कौशल्याला प्राधान्य आहे त्यांना तो लागू नाही, असा अर्थ लावून तो टिकवला. ऑनलाइन रमी आणि फँटसी खेळांच्या खटल्यांत आजही हेच निकाल दाखवले जातात.

झिमेनीज आणि सर्वोच्च न्यायालय यांनी एकमेकांचे काही वाचले असण्याची शक्यता नाही, पण दोघांची कसोटी एकच आहे: सोडवणाऱ्याला आपले उत्तर बरोबर आहे हे क्लू आणि चौकट यांच्या आधाराने स्वतःशी सिद्ध करता आले पाहिजे.

अजून न सुटलेले

2021 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय शब्दकोडे स्पर्धेत मॅट गिन्सबर्ग यांचा ‘डॉक्टर फिल’ हा संगणक कार्यक्रम बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने गुणांत पहिला आला. चौकट शब्दांनी भरण्याचे काम कोडेकार आधीपासून संगणकावर करतात. यंत्राला नेटिकचा त्रास होत नाही, त्यामुळे यंत्राने सोडवले म्हणजे कोडे न्याय्य ठरते असे मुळीच नाही; न्यायाचे मोजमाप माणसाच्या स्मृतीवरच करावे लागणार. पण कोणत्या माणसाच्या, हा प्रश्न पुन्हा तिथेच.

दोषांची यादी करावी की गुणांची, यावरही एकमत नाही. झिमेनीज यांनी दोष मोजले. साधारण तेराशे वर्षांपूर्वी दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे, म्हणजे काव्यातल्या कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले. पूर्वसूरींनी चौदा सदोष प्रकारही दिले आहेत हे त्याने नोंदवले, पण दोष अगणित असतात म्हणून ते सांगायचे त्याने टाळले. कोडी सदोष असू शकतात ही कल्पना आपल्या परंपरेला नवी नाही, एवढे यावरून दिसते.

मराठी कोड्यापुढचे प्रश्न

मराठी शब्दकोडे वर्तमानपत्रांत आणि दिवाळी अंकांत वर्षानुवर्षे येते, आणि त्याच्या अडचणी इंग्रजीच्या नाहीत. आपल्या एका घरात एक अक्षर मात्रेसह, जोडाक्षरासह बसते. इंग्रजीत सव्वीस अक्षरे. आपल्याकडे बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून शेकडो. त्यामुळे दोन शब्द एकमेकांना छेदायला लावणे फार कठीण जाते. शब्द आखूड राहतात, दोन अक्षरी शब्द घ्यावे लागतात, काळी घरे वाढतात आणि बरीच अक्षरे एकाच शब्दात अडकतात. फरार यांनी चौकटीतून दिलेली दुसरी संधी इथे तुटपुंजी असते. आणि क्लू बहुतेक निव्वळ समानार्थी शब्द असल्याने झिमेनीज यांनी क्लूमधून दिलेली दुसरी वाटही नसते. दोन्हीकडून सोडवणारा एकटा पडतो.

त्यात शुद्धलेखन. साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी ‘बुद्धी’, ‘सिद्धी’ दीर्घ झाले, पण समासात ‘बुद्धिबळ’ ऱ्हस्वच राहिले. आडवा ‘बुद्धिबळ’ आणि उभा ‘सिद्धी’ एकाच घरात छेदले तर त्या घरात काय लिहायचे? काही कोडेकार ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करतात, कारण नाहीतर चौकट जमतच नाही. काही अगदी काटेकोर असतात. दोन्ही भूमिका समजण्यासारख्या आहेत. एकाच कोड्यात दोन्ही वापरणे हा मात्र निव्वळ विसंगतीचा दोष आहे. अनुस्वाराचेही तसेच.

क्रिप्टिक क्लू मराठीत करता येतात का? ‘एक मळकट पिशवी, आत फूल (3)’. ‘एक मळकट’मध्ये ‘कमळ’ दडले आहे. पण हेच वाक्य सहज मराठीत ‘एका मळकट पिशवीत फूल’ असे केले की ‘क’चा ‘का’ होतो आणि कमळ नाहीसे होते. सामान्यरूपामुळे शब्द लपवायला जागा कमी उरते. उलट फिरवण्याचा खेळ मात्र आपल्याला परका नाही. वाल्याच्या ‘मरा’चा ‘राम’ अक्षरा-अक्षरानेच फिरतो. या दिशेने नियमित प्रयोग व्हायला हवेत, पण त्याआधी घरातले अक्षर की उच्चार, हे ठरवावे लागेल.

शेवटी शब्दकोश. ब्रिटनमधल्या अवघड कोड्यांत चेंबर्सचा कोश पंच मानला जातो आणि तसे कोड्याखाली छापतात. मराठीत मोल्सवर्थ आहे, दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, पण कोणता मानला ते कोडेकार सांगत नाही. विदर्भात पेरूला ‘जाम’ म्हणतात, कोकणात ‘जाम’ हे वेगळेच फळ. नागपूरचा, पणजीचा आणि इंदूरचा वाचक एकच कोडे सोडवत असेल तर कोणाची मराठी सामान्य धरायची, हा नेटिकचाच प्रश्न आपल्या अंगणात आहे.

यावर समिती नको, परिषदही नको. वर्तमानपत्रांच्या आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी कोड्याच्या वर तीन ओळी छापाव्यात: ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार काटेकोर आहेत की सैल, आधार कोणत्या कोशाचा, आणि कोडे कोणी रचले. कोडेकाराचे नाव अनेकदा छापलेच जात नाही. ते छापले की वाचकाला कोणाशी भांडायचे ते तरी कळेल.